वाचलेल्या थेंबाचा हिशेब

महागाई आली की घरातील गृहिणी प्रथम चुलीकडे पाहते आणि कर्ता पुरुष दिव्याकडे. लाकूड किती जळते, तेल किती लागते, हात कोठे आखडता घेता येईल, हा विचार आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. विसाव्या शतकात ह्या यादीत इंजिनाची भर पडली. मोटारीचे, पाण्याच्या पंपाचे किंवा पिठाच्या गिरणीचे इंजिन ही नव्या काळाची चूलच होय. आणि तिच्या पोटात जाणाऱ्या तेलाचा भाव चढला, की धन्याचा हात आपोआप पान्याकडे जातो. कार्बुरेटर उघडून पाहावा, एखादी नळी अधिक जोडावी, तेलाऐवजी दुसरेच काही जाळून पाहावे, अशा खटपटी कोणत्याही विद्यालयात शिकविल्या जात नाहीत. तरीही त्यांचा एक स्वतंत्र इतिहास आहे. तो मोठ्या संशोधकांच्या चरित्रांत सहसा सापडत नाही. गॅरेजांच्या ओळींत, विहिरींच्या थारोळ्यांवर आणि कचेऱ्यांतील धूळ खात पडलेल्या फायलींत तो विखुरलेला आहे.

हा इतिहास येथे मांडण्यास एक कारण आहे. प्रस्तुत मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांची हयात परप्रांतांतील कचेऱ्यांत, तपासणीच्या दौऱ्यांत, परवान्यांच्या आणि अनुदानांच्या कागदांवर सह्या करण्यात गेली आहे किंवा जात आहे. ‘माझ्या युक्तीने निम्मे तेल वाचते’ असे सांगणारा मनुष्य आज ना उद्या अशा अधिकाऱ्याच्या टेबलासमोर येऊन उभा राहतोच. त्याला भोंदू म्हणून वाटेला लावावे, की गुणी कारागीर म्हणून खुर्ची द्यावी, हा निर्णय वरवर दिसतो तितका सोपा नाही. चूक दोन्हीकडे होऊ शकते. आणि कोणतीही चूक झाली तरी तिची किंमत सही करणाराला नव्हे, तर दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते.

प्रथम इंजिनाच्या जमाखर्चाकडे पाहू. सादी कार्नो ह्या फ्रेंच इंजिनिअराने १८२४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या लहानशा ग्रंथात असे दाखवून दिले, की उष्णतेतून किती काम मिळू शकेल ह्याला निसर्गानेच मर्यादा घातली आहे. सगळ्या उष्णतेचे काम करून घेणे कोणत्याही इंजिनाला साधणार नाही. पुढे १८७६ साली निकोलाउस ऑटो ह्याचे चार धावांचे इंजिन आले. १८९७ साली ऑग्सबर्ग येथे रूडॉल्फ डीझेल ह्याच्या इंजिनाची चाचणी झाली, तेव्हा त्याने इंधनातील सुमारे २६ टक्के उष्णता कामी लावल्याचे दिसून आले. त्या काळी ही मजल फार मोठी मानली गेली, आणि ती खरोखरच मोठी होती. जुन्या आण्यांच्या हिशेबाने सांगावयाचे, तर साध्या पेट्रोल इंजिनात घातलेल्या एका रुपयाच्या इंधनापैकी सुमारे चार आणे कामी येतात, पाच आणे सिलिंडर थंड ठेवणारे पाणी किंवा वारा घेऊन जातो, आणि उरलेले सात आणे धुराड्याच्या वाटेने बाहेर पडतात.

बारा आणे वाया जातात हे ऐकल्यावर कोणाही काटकसरी माणसाचा जीव हळहळल्यावाचून राहत नाही. परंतु पहिला गैरसमज जन्मास येतो तोही येथेच. वाया जाते ते न जळलेले पेट्रोल, अशी समजूत करून घेतली जाते. वस्तुतः बऱ्या स्थितीतील इंजिनात दहा भागांतील नऊ भागांहून अधिक इंधन जळूनच जाते. वाया जाते ती जळल्यानंतरची उष्णता. पेट्रोल अधिक चांगले जाळून जे मिळवावयाचे, ते फार तर एका आण्याच्या आतले असते. बारा आण्यांचे कोठार त्या किल्लीने उघडत नाही. ही एक गोष्ट ज्याने ध्यानात ठेवली, त्याला पुढील अर्ध्या अधिक भूलथापा ऐकताक्षणीच ओळखता येतात.

त्यांतील सर्वांत प्रसिद्ध भूल म्हणजे बाष्पाचा कार्बुरेटर. पेट्रोलचे थेंब इंजिनात न पाठविता त्याची पूर्ण वाफ करून पाठविली, तर गाडी तिप्पट-चौपट अंतर काटील, अशी ही कल्पना. मौजेची गोष्ट अशी, की ही कल्पना नवी नाही. कार्ल बेन्झ ह्याच्या १८८५ सालच्या पहिल्या मोटारीचा कार्बुरेटर ह्याच जातीचा होता. त्यात हवा पेट्रोलच्या पृष्ठभागाला लागून जाई व वाफ बरोबर नेई. त्याचे दोष लौकरच कळून आले. पेट्रोल हा एकच पदार्थ नसून हलक्या-जड पदार्थांचे मिश्रण आहे; हलके भाग आधी उडून जात आणि जड भाग तळाशी साचत. शिवाय वाफ जागा फार व्यापते, त्यामुळे सिलिंडरात हवा कमी शिरते आणि जोर उतरतो. म्हणून १८९३ साली जर्मनीत विल्हेल्म मायबाख ह्याने, व त्याच वर्षी बुडापेस्टात बांकी आणि चोंका ह्या जोडीने पेट्रोलचा फवारा उडविणारा कार्बुरेटर पुढे आणला, तेव्हा जुनी पद्धत मागे पडली. जिला अनुभवी कारागिरांनी चाचपून टाकून दिले, तीच वस्तू पुढील पिढ्यांना ‘दडपून टाकलेला शोध’ म्हणून विकली गेली.

कॅनडातील विनिपेग येथील चार्ल्स नेल्सन पोग ह्याचे नाव ह्या संदर्भात नेहमी घेतले जाते. १९३० ते १९३६ ह्या काळात त्याला बाष्प-कार्बुरेटरबद्दल अमेरिकेची पेटंटे मिळाली, आणि एका गॅलनला २०० मैल गाडी चालल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत झळकल्या. लिटर-किलोमीटरच्या भाषेत हे प्रमाण लिटरला सुमारे ७१ किलोमीटर पडते. ह्याचे गणित अंदाजाने करून पाहण्यासारखे आहे. सव्वा टन वजनाच्या त्या काळच्या मोटारीला सपाट रस्त्यावर मध्यम वेगाने एक किलोमीटर नेण्यास रस्त्याचे व हवेचे घर्षण धरून सुमारे ३५० किलोज्यूल काम पडते. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२,००० किलोज्यूल उष्णता असते. म्हणजे एकही आणा वाया न घालविणारे, ह्या पृथ्वीवर नसलेले इंजिन मिळाले, तरी ती गाडी लिटरला फार तर ९० किलोमीटर जाईल. ७१ किलोमीटर जावयाचे तर सोळा आण्यांपैकी साडेबारा आणे कामी लागले पाहिजेत. ज्या काळी पेट्रोल इंजिनाला चार आणे मिळविताना धाप लागत असे, त्या काळात कार्बुरेटर बदलून साडेबारा आणे मिळाले, ह्यावर विश्वास ठेवणे म्हणजे दुधाचे भांडे घासून गाईला अधिक दूध येईल असे मानण्यासारखे आहे.

तथापि पेटंट मिळाले होते, असे कोणी म्हणेल. कचेरीतील मनुष्याने येथे एक भेद ध्यानात घ्यावा. पेटंट म्हणजे कल्पना नवी असल्याची नोंद. ती कल्पना सांगितल्याप्रमाणे फळ देते ह्याची ती हमी नव्हे. शिवाय पेटंटाचा मजकूर हा लपविलेला नसतो, तो सर्वांना वाचण्यास खुला असतो. आणि त्याची मुदत संपली म्हणजे ती वस्तू वाटेल त्याने करावी. पोगच्या पेटंटांची मुदत १९५० च्या दशकाच्या प्रारंभीच संपली. त्यानंतरच्या इतक्या वर्षांत जगातील कोणत्याही कारखान्याने ती वस्तू केली नाही, ह्याचा अर्थ उघड आहे.

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केली, आणि पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला खनिज तेलाचा भाव १९७४ च्या जानेवारीपर्यंत साडेअकरा डॉलरांवर गेला. बाष्प-कार्बुरेटराचे नकाशे, इंधनाच्या नळीवर बसवावयाचे लोहचुंबक, हवेत पाणी शिंपडणाऱ्या बाटल्या, ह्यांचा बाजार त्यानंतर सुगीला आला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कायद्यानुसार अशा शंभरांहून अधिक वस्तू तपासल्या. थोड्यांनी किंचित फायदा दाखविला, त्यांतल्याही काहींनी धूर वाढवून. मोठी बचत एकीनेही केली नाही.

तरीही ह्या वस्तू विकणारे सगळेच लबाड होते, असे मानणे न्यायाचे होणार नाही. पुष्कळांना खरोखरच बचत दिसलेली असते. नवी वस्तू बसविण्यासाठी इंजिन उघडले, की हाताबरोबर प्लगही साफ होतो, हवेची जाळीही झटकली जाते, टायरांत वारा भरला जातो. पुढचे आठ दिवस मालक बचतीवर डोळा ठेवून गाडी हळू हाकतो. मग टाकीतील तेल अधिक पुरले तर नवल कसले? परंतु श्रेय जाते त्या चुंबकाला. पाण्याची बाटली तर पूर्णपणे खोटी नाही. पाण्याच्या तुषारांनी सिलिंडरातील अकाली स्फोट थांबतो, हे बांकीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच वापरून पाहिले होते, आणि दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांनी उड्डाणाच्या वेळी अधिक जोर मिळावा म्हणून पाणी व मेथॅनॉल ह्यांचे मिश्रण वापरले. पण पाणी जळत नाही. ते इंजिनाला अधिक ताण सोसण्यास मदत करते, इंधनाची जागा घेत नाही. खऱ्या गोष्टीचा एक कण घेऊन त्याभोवती खोट्याचे कवच चढले म्हणजे ते फोडणे अधिक कठीण जाते.

ह्या मृगजळाच्या इतिहासाला लागूनच दुसरा, घामाचा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात १९४१ साली पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. १९४२ च्या एप्रिलात जपानी सैन्य पुढे येत असता माघार घेणाऱ्या इंग्रजांनी ब्रह्मदेशातील येनान्जाऊंग येथील तेलविहिरी स्वतःच उद्ध्वस्त केल्या, आणि पूर्वेकडून येणारे तेल बंद झाले. आसामातील दिग्बोईच्या तेलावर एवढ्या मोठ्या देशाची आणि लढाईची गरज भागणे शक्यच नव्हते. तेव्हा मोटारींच्या पाठीला उंच लोखंडी पिंपे दिसू लागली. कोळशाच्या गॅसवरची मोटार पाहिलेली पिढी आता जवळजवळ संपली; पण घाट चढताना थबकणाऱ्या, उतारूंना खाली उतरवून ढकलावयास लावणाऱ्या त्या बसच्या गोष्टी पुष्कळ मराठी घरांतून ऐकावयास मिळाल्या असतील.

त्या पिंपाची कृती साधी होती. वरून लाकडी कोळसा भरावयाचा, खाली विस्तव करावयाचा आणि हाताने पंखा फिरवून तो फुलवावयाचा. तापलेल्या कोळशाच्या थरातून बेताने हवा ओढली म्हणजे प्रथम कर्बद्विवायू होतो, आणि तो वरच्या लालबुंद थरातून जाताना त्याचा कार्बन मोनॉक्साइड हा जळाऊ वायू बनतो. हा वायू नळ्यांतून थंड करून, काथ्याच्या किंवा कापडाच्या गाळणीतून राख काढून, इंजिनात सोडावयाचा. हवेतील नायट्रोजन त्यात तसाच राहत असल्याने वायू पातळ असतो, व इंजिनाचा जोर तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्यानेही उतरतो. चांगले मिस्त्री ह्यावर उपाय करीत. हा वायू सावकाश जळतो म्हणून ठिणगी थोडी आधी पाडावयाची, आणि सिलिंडरचे डोके तासून दाब वाढवावयाचा. असे केले म्हणजे गेलेल्या जोरापैकी काही परत मिळे.

युरोपात जॉर्ज इंबेर ह्याने १९२० च्या दशकात लाकूड जाळून वायू करणारे पात्र तयार केले होते, आणि युद्धकाळात एकट्या स्वीडनमध्ये सत्तर हजारांहून अधिक वाहने अशा गॅसवर धावत होती. आपल्याकडे दक्षिणेत मदुरेच्या टी. व्ही. सुंदरम् अय्यंगार ह्यांनी बनविलेला गॅस प्लँट प्रसिद्धीस आला. पण युद्ध संपून पेट्रोल पुन्हा सुटले, तशी ही पिंपे भंगारात गेली. त्यांनी इंधन वाचविले नव्हते. एका इंधनाच्या जागी दुसरे आणले होते. त्याची किंमत कोणी मोजली हेही पाहण्यासारखे आहे. एका लिटर पेट्रोलच्या जागी सुमारे दीड किलो कोळसा लागे, आणि मातीच्या भट्टीत एक किलो कोळसा करण्यास चारपाच किलो लाकूड जळे. म्हणजे दर लिटरला जंगलातील सहासात किलो लाकूड खर्ची पडले. क्लीनरला पहाटे उठून तासभर आधी विस्तव करावा लागे आणि रात्री राख काढावी लागे. शिवाय कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू. बंद गॅरेजात गाडी चालू केली तर माणूस गाढ झोपल्यासारखा मरून जावयाचा. जंगल, श्रम आणि जीवाचा धोका, अशा तीन खात्यांवर हा खर्च पडला. पण तो उघड होता. कोणी त्याला चमत्कार म्हटले नाही, आणि युद्धकाळात तो सोसणे योग्यही होते.

ह्या खटपटीचे वंशज आजही आहेत. तेलाच्या महागाईनंतर बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये लाकडाच्या गॅसवर पद्धतशीर काम झाले. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाच्या पाचटासारख्या हलक्या काडीकचऱ्यापासून गॅस करण्याचे प्रयोग केले. राजस्थानातील हनुमानगढ जिल्ह्यातील रायसिंग दहिया ह्या कारागिराने शेतातील टाकाऊ काडीकचऱ्यावर इंजिन चालविणारे पात्र बनविले आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्याचा गौरव केला. येथे जळतो तो कचरा. म्हणून जंगलाचे खाते कोरे राहते. युद्धकाळची कल्पना तीच. पण तिचा जमाखर्च पालटला आहे.

जमाखर्चातील एखादे खाते नजरेआड राहिले म्हणजे काय होते, ह्याचे उदाहरण दिल्लीकर वाचकांच्या परिचयाचे असेल. युद्धानंतर लष्कराने विकून टाकलेल्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींना मागे बाकडी जोडून दिल्लीत फटफटी तयार झाल्या. कनॉट प्लेसपासून लाल किल्ल्याकडे त्या वर्षानुवर्षे माणसे नेत राहिल्या. मूळ इंजिन पेट्रोल फार पिणारे; सुटे भाग मिळेनासे झालेले. पेट्रोल महाग होत गेले, तसे त्यांच्या चालकांनी मूळ इंजिने काढून शेतात पाणी उपसणारी लहान डीझेल इंजिने त्या सांगाड्यांत बसविली. कारागिरी म्हणून ही गोष्ट थक्क करणारी होती, आणि चालकाच्या खिशातील बचतही खरी होती. दावा खोटा नव्हता, मोजमाप खोटे नव्हते. फक्त धुराचे खाते कोणी मांडले नव्हते. ते चांदणी चौकात श्वास घेणाऱ्या माणसांच्या नावे पडत होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीच्या हवेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे ऐरणीवर आला आणि ह्या फटफटी रस्त्यांवरून गेल्या.

त्याच सुमारास उत्तरेतील मिस्त्री बुलेट मोटारसायकलीत लहान डीझेल इंजिन घालून लिटरला सत्तर किलोमीटरच्या आसपास मजल मारीत होते. ती बचत इतकी खरी होती, की १९९० च्या दशकात रॉयल एनफील्ड कंपनीने स्वतःच डीझेलची मोटारसायकल बाजारात आणली. पण धुराचे नियम कडक झाल्यावर तिचेही उत्पादन थांबले. खेड्यापाड्यांतून पंपाची इंजिने लावून केलेल्या ‘जुगाड’ गाड्यांची गोष्ट हीच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीपत्रकातील तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई करते, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने जुगाड हेही मोटार वाहनच असल्याचे सांगून ते कायद्याच्या कक्षेत आणले. कायद्याला कारागिरीचा द्वेष नाही. ब्रेक, दिवे आणि विमा नसलेल्या गाडीखाली जो सापडतो, त्याचे खाते कोठे तरी मांडले गेले पाहिजे, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

आता ज्या बचतीत कोणतेही खाते तोट्यात जात नाही, तिच्याकडे वळू. तिला चमत्काराचे वलय नाही, म्हणून तिची कथा फारशी कोणी सांगत नाही. ती आहे विहिरीवरच्या इंजिनाची. सातारच्या कूपर कारखान्यात १९३० च्या दशकात डीझेल इंजिने होऊ लागली, १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, राजकोटच्या कारखान्यांनी विलायती लिस्टर इंजिनाच्या धर्तीवर हजारो इंजिने ओतली. पंजाबपासून तमिळनाडूपर्यंत मोट सुटली आणि पाच अश्वशक्तीच्या इंजिनाचा ठेका शिवारातून ऐकू येऊ लागला. परंतु मोटेबरोबर पिढ्यांचे ज्ञान होते. नाडा किती ढिला, चाक किती तेलकट, हे नांगऱ्या गड्यालाही कळे. इंजिनाबरोबर तसे ज्ञान आले नाही. ते कोठे आणि किती तेल खाते, हे कळण्यास बरीच वर्षे जावी लागली.

१९७८ साली केंद्र सरकारच्या पेट्रोलियम मंत्रालयाने पेट्रोलियम कॉन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था स्थापन केली. तिने आणि गुजरातेतील व इतर ठिकाणच्या अभ्यासकांनी शेतांवर जाऊन पंपांची मापे घेतली, तेव्हा असे दिसून आले, की दोष बहुधा इंजिनाच्या पोटात नसतोच. तो असतो विहिरीच्या तळाशी असलेल्या फूटव्हॉल्व्हमध्ये, ज्याची भोके अपुरी व तोंड अरुंद असते. तो असतो बारीक पाइपात. तेवढेच पाणी वाहून नेताना पाइपाचे घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. दोन इंचांऐवजी अडीच इंची पाइप घातला, तर ते जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर येते. तो असतो काटकोनात वळविलेल्या बाकांत, आणि पाणी उंचावरून धो धो पडताना पाहण्याच्या हौसेत. दहा मीटर खोल विहिरीवरच्या पंपाचे तोंड कारणाशिवाय एक मीटर वर नेले, की दर दहा लिटर डीझेलमागे एक लिटर त्या हौसेपायी जाते.

सर्वांत बोधप्रद आहे तो गार इंजिनाचा प्रकार. इंजिन थंड राखण्यासाठी पंपाच्याच पाण्याची एक नळी त्याच्या कवचातून फिरवितात. विहिरीचे गार पाणी सारखे खेळत राहिल्याने इंजिन हाताला कोमटही लागत नाही, आणि मालकाला वाटते, यंत्र कसे निवांत चालले आहे. प्रत्यक्षात गार सिलिंडरात इंधन नीट जळत नाही, तेल घट्ट राहून घर्षण वाढते, आणि पाच आण्यांऐवजी सहा-सात आणे पाणी घेऊन जाते. उपाय काय? कवचाकडे जाणाऱ्या नळीवर एक साधी झडप बसवावयाची, आणि बाहेर येणारे पाणी ६० अंशांच्या जवळपास, म्हणजे त्यात हात फार वेळ धरवणार नाही इतके, तापेपर्यंत ती मुरडावयाची. गावातल्या कोणत्याही मिस्त्र्याला अर्ध्या तासात जमणारे हे काम. तीच गोष्ट गळतीची. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर सेकंदाला एक थेंब गळणाऱ्या सांध्यातून दिवसाला सव्वाचार लिटर आणि वर्षाला दीड हजार लिटरांवर तेल मातीत जाते. थेंबे थेंबे तळे साचते, तसेच ते आटतेही.

येथे कोणाला पेटंट नको होते, गुप्त नकाशा नको होता. हवी होती ती मोजण्याची सवय. खुणा केलेल्या बाटलीतून इंजिनाला डीझेल द्यावे आणि १०० मिलिलिटर संपण्यास किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहावे. त्याच वेळी माहीत असलेल्या मापाची टाकी किती वेळात भरते ते पाहावे. मग एकच बदल करून पुन्हा मोजावे. आणि शेवटी, जे सहसा कोणी करीत नाही ते करावे: तो बदल काढून टाकून तिसऱ्यांदा मोजावे. बचत खरी असेल तर तिसऱ्या मापात ती नाहीशी झाली पाहिजे. बाजारातल्या कोणत्याही चमत्काराला ही तिसरी परीक्षा रुचत नाही. प्रामाणिक मिस्त्री मात्र तिला कधीच नाही म्हणत नाही.

अशी परीक्षा न घेतल्यास काय होते, हे १९९६ साली साऱ्या देशाने पाहिले. तमिळनाडूतील एका तरुणाने वनस्पतींच्या साहाय्याने पाण्याचे पेट्रोल करून दाखविण्याचा दावा केला. वृत्तपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले, राजधानीत प्रयोग झाले, शहाणीसुरती माणसेही काही काळ भारावली. अखेर २०१६ साली चेन्नईच्या न्यायालयाने त्याला व त्याच्या साथीदारांना फसवणुकीबद्दल शिक्षा सुनावली. मधल्या वीस वर्षांत ज्यांनी विश्वासाने पैसे गुंतविले, त्यांचे ते पैसे कोणत्याही शिक्षेने परत येत नाहीत. पहिल्याच दिवशी आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या प्रत्येक पदार्थाचे वजन काट्यावर घेतले गेले असते, तर ही हानी टळली असती.

परंतु ह्या अनुभवाने पोळलेल्या अधिकाऱ्याने पुढे येणाऱ्या प्रत्येक मिस्त्र्याला दार दाखविले, तर तीही तेवढीच मोठी हानी होय. दहियांचे पात्र, पंपावरची झडप, डीझेलची बुलेट, ह्यांतील एकही गोष्ट प्रथम पदवीधराच्या टेबलावर जन्मली असे म्हणता येत नाही. विनोदाने ज्याला जुगाड म्हणून हिणविले जाते, त्यात एखादे वेळी लाखो शेतकऱ्यांच्या उपयोगाची वस्तू दडलेली असते. म्हणून माणसाचा पोशाख, त्याची भाषा, त्याचे इंग्रजी किंवा त्याच्या हातातील वृत्तपत्राचे कात्रण ह्यांवरून निर्णय न करता त्याला दोनच प्रश्न विचारावेत. पहिला: मोजून दाखविता का, आणि काढून पुन्हा मोजू देता का? दुसरा: जे वाचले त्याची किंमत कोणत्या खात्यावर पडली, यंत्राच्या आयुष्यावर, जंगलावर, कोणाच्या श्रमावर, की शेजाऱ्याच्या फुप्फुसांवर? पहिल्या प्रश्नापाशी भोंदू थांबतो. दुसऱ्या प्रश्नापाशी पुष्कळदा प्रामाणिक माणूसही अडखळतो, आणि तेथे त्याला मदत करणे हेच अधिकाऱ्याचे खरे काम आहे.

ज्या यंत्रांची ही कथा आहे, ती आता हळूहळू निरोप घेत आहेत. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बुरेटर जवळजवळ नाहीसा झाला. त्याच्या जागी आलेले संगणकाधीन यंत्र पान्याने उघडून पाहण्यासारखे नाही. २०१९ साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेमुळे शेतांवर सौरपंप दिसू लागले आहेत. परंतु पाइपातील घर्षण सौरपंपालाही चुकत नाही, आणि टंचाई काही तेलाबरोबर संपत नाही. उद्या विजेच्या गाडीच्या बॅटरीला दुप्पट आयुष्य देणारी एखादी डबी घेऊन कोणी तरी कचेरीच्या दारात उभा राहीलच. त्याला आत बोलवावे, बसावयास खुर्ची द्यावी, आणि नंतर काटा व घड्याळ टेबलावर ठेवावे.